‘उपेक्षित’ जागा आणि नकाशातला माणूस

गेल्या काही वर्षांत आपल्या शहरांतील वास्तुकला महाविद्यालयांमधून एक नवा उत्साह दिसू लागला आहे. उड्डाणपुलाखालची जागा, नाल्याचा काठ, रेल्वेच्या कुंपणालगतची पट्टी, बंद गिरणीचे आवार, जुन्या मंडईची मागची बाजू अशा ‘उपेक्षित’ जागा विद्यार्थ्यांनी निवडायच्या, त्यांचे मोजमाप घ्यायचे, नकाशे काढायचे आणि समाजाच्या उपयोगासाठी त्यांची पुनर्रचना सुचवायची, असा हा उपक्रम असतो. कधी तो अभ्यासक्रमाचा भाग असतो, कधी स्पर्धेचा. प्रदर्शने भरतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, एखादी महानगरपालिका एखादी कल्पना उचलतेही. या उत्साहाची टिंगल करण्याचे कारण नाही. मॉलचे आणि बंगल्यांचे नकाशे गिरवण्यापेक्षा वीस वर्षांचा मुलगा नाल्याकाठी जाऊन उभा राहतो, हे केव्हाही चांगले.

परंतु साहित्याला आणि समाजविचाराला वाहिलेल्या या पानांवर नकाशांची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. नकाशा हीदेखील एक संहिता आहे. तिच्यात नायक असतो, पार्श्वभूमी असते, वगळलेला मजकूर असतो. ज्या कसोट्या आपण गेली पन्नास-साठ वर्षे प्रस्थापित मराठी कथा-कादंबरीला लावत आलो, त्या या संहितेला लावून पाहायला काय हरकत आहे? माझे वडील आयुष्यभर बांधकामावर बिगारी होते. नकाशा त्यांनी हजारदा पाहिला, पण तो नेहमी दुसऱ्याच्या हातात. तो वाचण्याची विद्या आमच्या घरात माझ्यापर्यंत आलीच नव्हती. मीही तो मराठीचा शिक्षक म्हणूनच वाचतो, म्हणजे शब्दांपासून सुरुवात करतो.

या उपक्रमातला पहिला शब्द आहे ‘उपेक्षित’. आपल्या साहित्यात हा शब्द माणसासाठी वापरला गेला. उपेक्षा करणारा कोणीतरी असतो आणि ती सोसणारा कोणीतरी, हे त्या शब्दातच गृहीत असते. जागेला हा शब्द लावला की करणाराही नाहीसा होतो आणि सोसणाराही. उरते ती फक्त जमीन. घाण, अंधारी, ‘मृत’. मग तिला ‘जिवंत’ करण्यासाठी कोणीतरी बाहेरून यावे लागते. जागा मृत आहे असे ठरवणे हा या सबंध प्रकल्पाचा पाया आहे, आणि तो पाया तपासल्याशिवाय वरच्या मजल्याचे कौतुक करण्यात अर्थ नाही.

मागच्या वर्षी आमच्या शहरात अशाच एका महाविद्यालयाचे प्रदर्शन भरले होते. (संस्थेचे नाव घेण्यात हशील नाही, दोष तिचा एकटीचा नसून पद्धतीचा आहे.) विषय होता एका उड्डाणपुलाखालची जागा. पहिल्याच शीटवर मोठे छायाचित्र होते: काँक्रीटचे खांब, खाली धूळ, एक कुत्रे. खाली लिहिले होते, ‘वापरात नसलेली जागा’. हे छायाचित्र रविवारी दुपारी काढलेले असावे. कारण त्या पुलाखालून माझे अनेक विद्यार्थी रोज येतात, आणि ती जागा रिकामी कधी असते असे त्यांना विचारले तर ते हसतात. पहाटे पाचला तेथे कचरा वेचणाऱ्या बाया आपापली पोती ओततात. पुठ्ठा वेगळा, प्लास्टिक वेगळे, काच वेगळी. सात ते नऊ मजुरांचा अड्डा भरतो. विदर्भात त्याला ठिय्या म्हणतात, मुंबईत नाका. नऊनंतर ज्यांना काम मिळाले नाही ते तेथेच बसून राहतात, कारण काम न मिळाल्याचे घरी इतक्या लवकर सांगवत नाही. दुपारी एक चांभार, एक छत्री दुरुस्त करणारा आणि सावली शोधणारे हातगाडीवाले. संध्याकाळी लग्नसराईच्या आधी बँडवाल्यांचा सराव. आवाजाला हरकत घेणारे कोणी नसते म्हणून. रात्री चार-पाच कुटुंबे खांबांना मच्छरदाण्या बांधून झोपतात. एप्रिलात आणि डिसेंबरात पुस्तकांची टेबले लागतात. ज्या जागेचा दिवसातून पाच-सहा वेळा पाळीने वापर होतो तिला ‘वापरात नसलेली’ म्हणणे हे निरीक्षण नव्हे, हा निवाडा आहे. वापर आहे, पण तो वापर म्हणून मोजला गेला नाही.

पुढच्या शीटवर उपाय होता. पायऱ्यापायऱ्यांचे खुले नाट्यगृह, सायकलींसाठी मार्ग, कॉफीचे दुकान, खांबांवर वारली शैलीतली चित्रे. खुले नाट्यगृह नसलेला असा प्रकल्प मी अजून पाहिला नाही. त्या पायऱ्यांवर बसून कोण कोणाचे नाटक पाहणार, हे मात्र कोठेच लिहिलेले नसते.

नकाशात माणसेही असतात. जागेचा आकार कळावा म्हणून संगणकातून आयती माणसे घेऊन चिकटवतात. या माणसांकडे नीट पाहावे. एक धावणारा तरुण, फुगा घेतलेली मुलगी, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेले जोडपे, कुत्र्याला फिरवणारी स्त्री. कोणाच्याही डोक्यावर ओझे नाही. कोणी काही विकत नाही. कोणी झोपलेले नाही. मराठीत ‘काढणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. चित्र काढतात आणि माणसालाही काढतात. या शीटवर दोन्ही क्रिया एकाच रेषेने झाल्या आहेत.

आपल्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. पांढरपेशा मराठी कथेवर आपण जो आक्षेप घेतला तो हाच होता, की या कथेच्या खिडकीतून रस्ता दिसतो पण रस्त्यावर राहणारा माणूस दिसत नाही. दिसला तर करुणेचा किंवा किळसेचा विषय म्हणून दिसतो. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) मुंबईचा कावाखाना येतो. एकेका खोलीत दोन-तीन बिऱ्हाडे, मध्ये लाकडी खोक्यांचा आडोसा. त्या वर्णनात माप आहे, भिंत कशाची आहे ते आहे, कोण कोणाच्या आडोशाला राहतो ते आहे, आणि त्या जागेत माणसाच्या मनाचे काय होते तेही आहे. वास्तुकलेच्या भाषेत ज्याला जागेचे दस्तऐवजीकरण म्हणतात त्याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. बाबुराव बागुलांच्या ‘मरण स्वस्त होत आहे’ (१९६९) या कथासंग्रहातली मुंबई किंवा नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’तली (१९७२) मुंबई हीही अशीच आतून मोजलेली शहरे आहेत. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला युरोपातल्या चौकांची नावे पाठ होतात. त्याच्या ग्रंथालयात ही तीन पुस्तके का नसावीत?

दुसरा शब्द ‘सार्वजनिक’. या शब्दाचा इतिहास आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. तो आपल्या अंगावर लिहिलेला आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेले किंवा सरकारकडून चालवले जाणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा त्याचा आशय. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचे ठरवले. कागदावर ते सार्वजनिक झाले. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ पर्यंत तेथे कोणी जाऊ शकले नाही, आणि बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक गेले तेव्हा मारहाण झाली, पंचगव्याचे १०८ घडे ओतून पाणी ‘शुद्ध’ करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सवर्णांनी दावा लावला; तळे सार्वजनिक नसून खाजगी आहे आणि अस्पृश्यांना तेथे न येऊ देण्याची रूढी अनादी आहे, असे त्यांचे म्हणणे. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. ती रूढी अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही.

येथे माझा मुद्दा एवढाच आहे की चवदार तळ्याच्या रचनेत कसलीही उणीव नव्हती. पायऱ्या होत्या, काठ बांधलेला होता, पाणी होते. कोणत्याही वास्तुतज्ज्ञाने त्याची पुनर्रचना केली असती तरी दहा वर्षांच्या त्या लढ्यातला एक दिवसही वाचला नसता. वाद जागेच्या रूपाचा नव्हता, तो प्रवेशाचा होता. जागेचे रूप बदलले की ती आपोआप सर्वांची होते, हा समज आजच्या विद्यार्थ्यांच्या मनात कोठून आला? तो त्यांच्या शिक्षकांकडून आला, आणि शिक्षकांना तो परवडतो, कारण त्यांना आयुष्यात कोणत्याही बागेच्या फाटकावर कोणी अडवलेले नाही.

मुंबईतले एक उदाहरण घ्यावे. माटुंग्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर उड्डाणपुलाखाली नानालाल डी. मेहता उद्यान २०१६ मध्ये खुले झाले. सुमारे ६०० मीटर लांबीचा फिरण्याचा मार्ग, नर्मदेच्या प्रवाहावरून घेतलेली वळणे. हे विद्यार्थ्यांचे काम नव्हे. परिसरातील नागरिकांच्या मागणीतून महानगरपालिकेने केलेले आहे, आणि पुलाखालच्या जागेचे काय करता येते याचे उदाहरण म्हणून ते दाखवले जाते. उद्यान सुंदर आहे. म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना तेथे निर्धास्तपणे चालता येते, ही मोठी गोष्ट आहे, ती नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण या मागणीचा एक हेतू जागेचा ‘गैरवापर’ होऊ नये हा होता, आणि म्हणून त्या उद्यानाला कुंपण आहे, फाटक आहे, वेळा आहेत, पहारेकरी आहे. ज्याच्या नावाचा रस्ता वरून जातो त्याने आयुष्य कशाविरुद्ध वेचले हे आठवले की कुंपणाकडे निराळ्या नजरेने पाहावे लागते. कुंपण वाईटच असते असे नाही. त्याची किल्ली कोणाकडे आहे हे विचारले पाहिजे.

हा प्रश्न आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत शिकून आलेल्या म. ना. वानखेड्यांनी निग्रो साहित्याकडे मराठी वाचकाचे लक्ष वेधले, १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नाव तिकडच्या चळवळीवरून घेतले. तेव्हापासून तिकडचे अनुभव आपण आपल्या अनुभवांशी ताडून पाहत आलो आहोत. जागेच्या प्रश्नात ते पुरेसे पाहिले गेलेले नाहीत. त्यातले दोन मला फार महत्त्वाचे वाटतात.

पहिला न्यूयॉर्कचा. कोलंबिया विद्यापीठ टेकडीवर, काळ्यांची हार्लेम वस्ती खाली, आणि दोहोंच्या मध्ये उतारावर मॉर्निंगसाइड पार्क हे सार्वजनिक उद्यान. अशा ठिकाणी विद्यापीठाने शहराकडून उद्यानाचीच जमीन घेऊन व्यायामशाळा बांधायला काढली. तिचा थोडासा भाग हार्लेमच्या लोकांना वापरता येणार होता. म्हणजे ‘समाजोपयोग’ होताच. पण उतारामुळे दरवाजे दोन ठेवले होते: विद्यार्थ्यांचा वरून आणि वस्तीतल्या लोकांचा खालून. वास्तुतज्ज्ञ म्हणेल, उतारावर दुसरे काय करणार? महारवाडा गावाच्या कोणत्या बाजूला असतो हे माहीत असलेल्या माणसाला या उत्तरावर हसावे की रडावे कळणार नाही. एप्रिल १९६८ मध्ये विद्यार्थ्यांनी या व्यायामशाळेविरुद्ध आणि विद्यापीठाच्या युद्धविषयक संशोधनाविरुद्ध इमारती ताब्यात घेतल्या. काळ्या विद्यार्थ्यांनी हॅमिल्टन हॉल आपल्याकडे ठेवला. व्यायामशाळा झाली नाही. खणलेला खड्डा मात्र वर्षानुवर्षे तसाच राहिला, आणि पुढे त्याचे तळे करण्यात आले. ज्यांना दोन दरवाज्यांचा अर्थ कळला त्या विद्यार्थ्यांनी जागेसाठी केलेले सर्वांत मोठे काम म्हणजे एक नकाशा प्रत्यक्षात येऊ दिला नाही. अशा कामाला कोणत्या परीक्षेत गुण मिळतात?

दुसरा अनुभव कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो शहराचा. लोगन ही मेक्सिकन कष्टकऱ्यांची जुनी वस्ती. आधी तेथे भंगाराच्या वखारींना परवानगी दिली गेली, १९६३ मध्ये महामार्गाने वस्तीचे दोन तुकडे केले, १९६९ मध्ये कोरोनाडो बेटाकडे जाणारा पूल तिच्या डोक्यावरून गेला. पुलाखाली खांबांचे जंगल उरले. तेथे उद्यान करून देऊ असे लोकांना सांगितले होते. २२ एप्रिल १९७० रोजी बुलडोझर आले ते महामार्ग पोलिसांच्या ठाण्यासाठी. एका कॉलेज विद्यार्थ्याने ते पाहिले आणि घरोघर, वर्गावर्गात जाऊन सांगितले. शाळा-कॉलेजची मुले, त्यांच्या आया, म्हातारी माणसे बुलडोझरपुढे साखळी करून उभी राहिली. बारा दिवस त्यांनी जागा सोडली नाही. आणि त्या बारा दिवसांत त्यांनी काय केले? फावडी घेऊन जमीन खणली, निवडुंग लावले, झाडे लावली. आधी ताबा, मग झाडे, आणि चित्रे तर तीन वर्षांनी, १९७३ पासून. आज त्या खांबांवर पन्नासाहून अधिक भव्य भित्तिचित्रे आहेत. चिकानो पार्क म्हणून ही जागा जगाला माहीत आहे, आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या सरकारने तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. अर्थात पूल हटलेला नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये वरून एक वाहन खालच्या कार्यक्रमावर कोसळले आणि चार माणसे मेली. पुलाखाली राहणे म्हणजे काय, हे चित्रांनी झाकले जात नाही.

आमच्या प्रदर्शनातल्या एका शीटवर संदर्भ म्हणून या चिकानो पार्कचे छायाचित्र लावले होते. रंगीत खांब तेवढे घेतले होते. बारा दिवस घेतले नव्हते, बुलडोझर घेतला नव्हता, पोलीस ठाणे घेतले नव्हते. विद्रोहातून विद्रोह वजा केला की शोभा उरते. आपल्या कवितेचेही अशाच रीतीने अभ्यासक्रमात काय झाले आहे ते मराठीच्या शिक्षकांना सांगायला नको.

हार्लेमकडूनच आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. १९६४ मध्ये तेथे वास्तुतज्ज्ञांची एक समिती स्थापन झाली, ‘आर्च’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी. वस्तीच्या बाजूने नकाशे काढून देणे हे तिचे काम. स्थापना करणारा गोरा होता. काही वर्षांत तिची सूत्रे जे. मॅक्स बाँड या काळ्या वास्तुतज्ज्ञाकडे आली. आणि मग या समितीने वस्तीतल्या काळ्या आणि प्वेर्तो रिकन तरुणांना नकाशा काढण्याचे शिक्षण द्यायला सुरुवात केली. वस्तीसाठी नकाशा काढणे आणि वस्तीने नकाशा काढणे यांत जे अंतर आहे ते या समितीला चार-पाच वर्षांतच कळले. आपल्याकडे ‘दलितांविषयीचे साहित्य’ आणि ‘दलित साहित्य’ यांवर जो वाद झाला त्याचेच हे दुसरे रूप नव्हे काय?

परंतु आपली वस्ती नकाशाची वाट पाहत बसली होती असेही नाही. शहरातली कोणतीही बौद्धवस्ती पाहावी. जी जागा कोणालाच नको होती, उकिरड्याची, सखल, पाणी साचणारी, तिच्यावर पोरांनी मुरूम टाकला, खांब रोवून निळा झेंडा लावला, पंचशील ध्वज लावला. मग सिमेंटचा ओटा झाला, त्यावर दोन वर्तमानपत्रे येऊ लागली. मग पत्र्याची खोली, तिच्यात सकाळी बालवाडी, संध्याकाळी वंदना, रात्री दहावी-बारावीच्या मुलांची अभ्यासिका. घरात आठ माणसे आणि एक दिवा असताना ज्यांनी त्या ओट्यावर बसून परीक्षा दिल्या, त्यांतले काहीजण आज कॉलेजात शिकवतात. एका जागेत दिवसातून चार उपयोग, जात पडताळणीच्या कागदांपासून मयतीच्या बैठकीपर्यंत सर्व काही. ‘विद्यार्थ्यांनी उपेक्षित नागरी जागेची समाजोपयोगासाठी केलेली पुनर्रचना’ हे वाक्य जर कोठे अक्षरशः खरे असेल तर ते येथे आहे. वास्तुकलेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात त्या ओट्याचा नकाशा नाही. पालिकेच्या दफ्तरी त्याची नोंद असते ती अतिक्रमण म्हणून.

मी या ओट्याचे उदात्तीकरण करीत नाही. तेथेही दोष आहेत. अनेक वस्त्यांत त्या ओट्यावर बायका बसत नाहीत, फक्त वंदनेला येतात. निवडणुकीच्या दिवसांत अभ्यासिकेचे कार्यालय होते. पुतळा आणि कमान यांवर पैसा येतो, संडासाच्या दुरुस्तीवर येत नाही. यावर आपणच बोलले पाहिजे. बाहेरचा कोणी बोलला की आपल्याला राग येतो, आणि आपण बोलत नाही.

वरळीच्या बीडीडी चाळींचा प्रश्नही येथेच येतो. १९२०च्या दशकात बांधलेल्या या चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत कामगारांच्या पिढ्या गेल्या. त्यांत आपले लोक मोठ्या संख्येने होते, आणि १९७४ च्या जानेवारीत वरळीत पँथरच्या सभेवर हल्ला झाला तो इतिहासही याच परिसराचा. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील ५५६ कुटुंबांना उंच इमारतीतल्या ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांत ज्याने संसार केला नाही त्याने या घराविषयी नाक मुरडू नये. चाळीच्या व्हरांड्याचे रम्य वर्णन करणारे लेखक बहुधा तेथे राहायला नव्हते. तरीही दोन चाळींमधली जी जागा होती, जेथे जयंतीचा मंडप पडे, भांडणे मिटत, लग्ने लागत, तिचे नव्या नकाशात काय होते, हे पाहिले पाहिजे. घराचा चौरस फूट हक्क म्हणून मोजला जातो. अंगणाचा मोजला जात नाही.

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना येथे खरे काम आहे. कायदाही त्यांच्या बाजूने आहे. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने शहर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत असे म्हटले आहे. पुलाखालची हातगाडी कोठे उभी राहील हे ठरवण्यात हातगाडीवाल्याला आवाज आहे. त्या प्रदर्शनात या कायद्याचा उल्लेख मी शोधला; सापडला नाही. फेरीवाला तेथे ‘अडथळा’ या रंगाने दाखवला होता.

एक शीट मात्र वेगळी होती, आणि तिच्याविषयी लिहावे म्हणूनच खरे तर हा लेख हाती घेतला. कोपऱ्यात, पंख्याच्या मागे टांगलेली. काढणारी मुलगी आमच्याच भागातली. शिष्यवृत्ती वेळेवर न आल्यामुळे तिने मॉडेलचा पुठ्ठा उधारीवर आणला होता हे मला नंतर कळले. तिने जागेचा एक नकाशा न काढता सहा काढले होते, दिवसाच्या सहा वेळांचे. प्रत्येकात कोण कोठे बसते, किती जण, सावली कोठे पडते, पाणी कोठून आणतात. कचरा वेचणाऱ्या बायांना विचारून तिने लिहिले होते की त्यांना बाग नको, वेगळा केलेला माल रात्री चोरीला जाऊ नये म्हणून कुलूप लागणारी पेटी हवी, एक नळ हवा, आणि पहाटे पाचला पेटलेला दिवा हवा. मजुरांनी मागितले होते बायकांसाठी संडास. तिने एवढेच सुचवले: बारा पेट्या, दोन नळ, चार दिवे, एक संडास. खुले नाट्यगृह नव्हते. बँडवाल्यांच्या सरावाची जागा तिने आहे तेथेच ठेवली होती, फक्त खाली फरशी दिली होती.

ज्युरीचा शेरा शीटच्या कडेला पेन्सिलीने होता: निरीक्षण चांगले, डिझाइन कमी. गुण तिला मध्यम मिळाले. हा शेरा मी दोनदा वाचला. आत्मकथनांना एकेकाळी ‘अनुभव चांगला, कला कमी’ असे म्हणत असत. त्या शेऱ्याला उत्तर द्यायला आपल्या समीक्षेला दोन पिढ्या लागल्या. हे उत्तर द्यायला वास्तुकलेत आपली समीक्षा अजून जन्मलेली नाही. ती कोणी लिहायची? जी मुलगी अशी शीट काढू शकते तिनेच लिहावी, आणि आपल्या नियतकालिकांनी ती छापावी. या जागेचे डिझाइन करणे म्हणजे तिच्यात आधीच असलेली व्यवस्था ओळखणे. अशा व्यवस्थेला चार दिवे पुरतात असे कळायला जी दृष्टी लागते ती पायऱ्या काढायला लागत नाही.

प्रदर्शनानंतर ती थांबली नाही. बायांना घेऊन ती पालिकेच्या प्रभाग कार्यालयात नळासाठी अर्ज द्यायला गेली. तेथे तिला सांगण्यात आले की पूल सार्वजनिक बांधकाम खात्याचा, खालची जमीन रेल्वेची, पाणी पालिकेचे. तिघांचे ना-हरकत दाखले आणावेत. रेल्वेचा दाखला आला आहे. बांधकाम खात्याने विचारले आहे की ती जागा वापरात नसताना नळ कोणासाठी.